रक्ताचे टक्के

आमच्या घरात एक समज पक्का होता. दादीचं रक्त पन्नास टक्के होतं, अम्मीचं आठ टक्के. म्हणजे घराण्याचं रक्त पिढीगणिक आटत चाललंय. अम्मी हे शेजारणींना इतक्या ठामपणे सांगायची की माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वाट्याला किती उरलं असेल, याची मला खरोखर काळजी वाटली होती.

समजाला कागदाचा आधार होता. दादी मदनपुऱ्यातली. तिच्या पत्र्याच्या पेटीत मुंबईतल्या एका दवाखान्याची १९५० च्या दशकातली चिठ्ठी होती, तिच्यावर हिमोग्लोबिनपुढे ५० आणि टक्क्याची खूण. अम्मीचा कागद १९८० च्या दशकातला, कल्याणचा. त्यावर ८, पुढे ग्रॅम आणि पुन्हा टक्क्याची तीच खूण. ग्रॅम हा शब्द कोणी वाचला नाही, खूण मात्र सगळ्यांनी वाचली. अम्मीला वाटलं, शंभरातलं ब्याण्णव गेलं. तिच्या डॉक्टरांनीही तिचा गैरसमज काढला नाही. एक सलाईनची बाटली लावली, 'ताकद येईल' म्हणाले आणि त्या काळाच्या मानाने बरेच पैसे घेतले. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. त्याने रक्त वाढत नाही, उलट काही काळ पातळच होतं.

या दोन चिठ्ठ्या पुन्हा आठवायला कारण झालं वैशाखरे.

कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्याला पोचतो आणि पुढे घाट चढून थेट नगरला जातो. अब्बा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे या रस्त्यावरचे थांबे मला पाढ्यांसारखे पाठ. नाणेघाट चढायला येणारी शहरी पोरं वैशाखऱ्याच्या आसपासच उतरतात. मीही गेलो होतो नाणेघाटासाठीच. वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कुठल्या यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, याची ती लांबलचक यादी. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये या लेखातल्या अंकांवर निबंध लिहिला. भारतातल्या अंकचिन्हांचा इतिहास सांगताना हे लेणं टाळताच येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे डोळ्यांनी बघावेत, एवढाच माझा बेत होता.

उतरताना पाय मुरगळला. एका पोराने मोटारसायकलवरून खालच्या पाड्यावर आणलं, तिथे गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस होता. सिस्टरांनी पायाला पट्टी बांधून दिली आणि गाडी येईपर्यंत मला बाकड्यावर बसवून त्या कामाला लागल्या. आशाताई बायकांना एकेक करून पुढे पाठवत होत्या. बोटाला सुई, एक थेंब, छोटं यंत्र, आकडा. सिस्टर आकडा मोठ्याने सांगत, आशाताई कार्डावर लिहीत. "नऊ टक्के." "साडेआठ टक्के." "दहा टक्के, छान."

एका कातकरी बाईने विचारलं, "नऊ म्हंजे शंभरातलं?"

आशाताईंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर हसल्या, म्हणाल्या, "नाही गं, बारातलं." हे उत्तर काही पुस्तकातलं नव्हतं. पण अम्मीला आयुष्यात मिळालेल्या कुठल्याही उत्तरापेक्षा ते बरं होतं.

हे टक्के आले कुठून, ते सांगतो.

विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टराने १८७८ मध्ये रक्ताचा रंग मोजण्याचं एक साधं उपकरण केलं. रक्तात पाणी घालत जायचं आणि ठरलेल्या रंगाशी जुळलं की थांबायचं. निरोगी माणसाचं रक्त म्हणजे १०० टक्के, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. पण निरोगी माणूस कोण? ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवला. हाल्डेन यांच्या मापात शंभर टक्के म्हणजे १०० मिलीलीटर रक्तात १३.८ ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं होतं, पुढे ते १४.८ झालं. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या हर्मान साली यांनी १९०२ च्या सुमारास आपली पद्धत आणली, तिच्या मूळ मापात शंभर टक्के १७ ग्रॅमच्याही वर जात. म्हणजे एकाच बाईचं रक्त एका दवाखान्यात सत्तर टक्के आणि दुसऱ्यात ऐंशी टक्के भरू शकत होतं, आणि दोन्ही डॉक्टर बरोबर असत.

हा घोळ मिटवायचा म्हणून डॉक्टर लोक ग्रॅममध्ये बोलू लागले. १०० मिलीलीटर रक्तात इतके ग्रॅम. मात्र 'दर शंभरी' लिहायला त्यांनी तीच जुनी टक्क्याची खूण ठेवली आणि तिला ग्रॅम टक्के म्हटलं. गेल्या शतकातला हा आळस आपल्या खेड्यापाड्यांतल्या लाखो बायकांना नडला, असं माझं मत आहे. खूण तीच राहिली आणि अर्थ बदलला. सालीच्या काचेच्या नळीवर तर दोन्ही मापं शेजारी शेजारी कोरलेली असत. एका बाजूला ग्रॅम, दुसऱ्या बाजूला टक्के. कुठली बाजू वाचायची, हे शिकवणाऱ्यावर अवलंबून.

आता दादीचा हिशेब करा. हाल्डेनच्या मापाने पन्नास टक्के म्हणजे ७.४ ग्रॅम. सालीच्या जुन्या मापाने साडेआठच्या वर. चिठ्ठीवर यंत्राचं नाव नाही. तेव्हा सासू-सुनेत कोणाचं रक्त जास्त होतं ते सांगता येत नाही, पण दोघींचं जवळपास सारखंच कमी होतं, एवढं खरं. घराण्याचं रक्त आटलं नव्हतं, ते आधीपासूनच तेवढं होतं.

सालीची नळी आपल्या आरोग्य केंद्रांत कित्येक दशकं टिकली. जुन्या नर्सबाईंना अजून ती पाठ आहे. नळीत आधी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग बारीक पिपेटने २० घन मिलीमीटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं. रक्त तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. पाड्यावरच्या ओसरीत, ढगाळ दिवशी, रांगेत वीस बायका असताना कोणी दहा मिनिटं थांबत नाही. रंग डोळ्याने जुळवायचा असल्याने ग्रॅमभराचा फरक सहज पडे. आणि सातच्या खाली आकडा लिहिला की गाडी शोधा, वर पाठवा, वर फोन करा. मी जुनी रजिस्टरं चाळली आहेत (कुठली ते सांगत नाही). त्यांत पानंच्या पानं दहा, दहा, साडेनऊ, दहा. एवढ्या बायकांचं रक्त इतकं शिस्तीत वागत नाही.

आता मदनपुऱ्याकडे परत जातो, कारण या इतिहासाचं एक मोठं पान तिथल्याच वस्त्यांशी जोडलेलं आहे आणि आमच्याकडे ते फारसं कोणाला माहीत नाही.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या चाळिशीच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदरपणात काही बायकांचं रक्त इतकं झपाट्याने उतरायचं की त्या बाळंतपणात दगावायच्या. याचं कारण शोधणं हे त्यांचं काम होतं. परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोगशाळा आणि कामा-आल्ब्लेस रुग्णालयात रुग्ण. हा आजार गिरणीकामगारांच्या वस्त्यांत आढळत होता आणि गरीब मुस्लिम बायकांत त्याचं प्रमाण अधिक होतं. पडदा, कोंदट खोल्या, ऊन नाही, अशी कारणं त्या काळी अशा वेळी सहज पुढे केली जात. आजही केली जातात. विल्सबाईंनी मात्र सहकारी तळपदे यांच्यासोबत मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पद्धतशीर पाहणी केली. कोण काय खातं, किती खातं. प्रश्न धर्माचा नव्हता, ताटाचा होता. ताटात भाजी, फळं, दूध नावापुरतं होतं.

पुढची गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत येते. कुन्नूरला उंदरांवर प्रयोग झाले, मग माकडांवर. यकृताच्या अर्काने रक्त सुधारत होतं, पण तो महाग. शेवटी मार्माइट नावाचा, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला, आणि रक्त भरून आलं. १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

भारत सरकारने १९७० मध्ये गरोदर बायकांना गोळ्या द्यायला सुरुवात केली. त्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह होतं आणि सोबत अर्धा मिलीग्रॅम फोलिक ॲसिड. वैशाखऱ्याच्या बाकड्यावर माझ्या शेजारी लाल गोळ्यांच्या ज्या पट्ट्या पडल्या होत्या, त्यांतही तेच. मुंबईतल्या गरीब मुस्लिम बायकांच्या रक्तापासून निघालेली गोष्ट कातकरी पाड्यावर पोचली होती. मी हे सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत सर. पण गोळी खाल्ली की मळमळतं, त्याचं काही शोधलं का त्यांनी?"

रक्ताचा थेंब खेड्यात यायला त्याआधी एक मोठी लाट येऊन गेली होती, ती मलेरियाची. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम, १९५८ मध्ये निर्मूलन. दहा हजार वस्तीमागे एक कर्मचारी पंधरवड्याला घरोघर फिरे, तापाच्या माणसाच्या बोटातून थेंब घेऊन काचपट्टीवर पसरवी, क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर ठेवी आणि भिंतीवर तारीख टाकून पुढे जाई. काचपट्टी प्रयोगशाळेत जाई. निकाल येईपर्यंत ताप उतरलेला असे किंवा माणूस मजुरीला गेलेला असे. घेतलेल्या काचपट्ट्यांचा आकडा मात्र दरमहा मोजला जाई. वस्तीच्या दहा टक्के लोकांचे नमुने वर्षाला झालेच पाहिजेत. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर त्याचा आलेख टांगलेला असे, तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी. ज्याच्या पिशवीत सुई होती त्याला निकाल कळण्याची गरजच ठेवली नव्हती. सुई खाली, अर्थ वर, ही विभागणी तेव्हा पडली आणि ती पुरती बुजलेली नाही.

उलट दिशेने चाललेले लोकही होते. याच रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, नगर जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये, रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावाने निवडलेल्या बायका, त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कासा इथे, १९७० च्या दशकात गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्यांकडून मुलांच्या वजनाचे तक्ते भरून घेण्याचं काम झालं. हा तक्ता मूळचा नायजेरियातला. डेव्हिड मॉर्ले या डॉक्टराने तिथल्या खेड्यात काम करताना तो घडवला. आडवं वय, उभं वजन, महिन्याला एक ठिपका. ठिपके जोडले की रेष. मॉर्लेंचं म्हणणं साधं होतं. ठिपका कुठे आहे यापेक्षा रेष कुठे चालली आहे ते बघा. वर जाते आहे, सपाट झाली आहे की खाली वळली आहे, हे अक्षर न येणाऱ्या आईलाही दिसतं. तो तक्ता पुढे अंगणवाडीत आला आणि आज माता व बाल संरक्षण कार्डावर आहे. मुलासाठी वेगळा, मुलीसाठी वेगळा.

त्या दिवशी बाकड्यावर मी ते कार्ड पहिल्यांदा नीट पाहिलं. मुलाच्या वजनाला अख्खं पान, रंगीत पट्टे, रेषा. आईच्या हिमोग्लोबिनला दर भेटीमागे एक छोटा चौकोन. त्यात आकडा लिहायचा. रेष नाही.

आणि रेषेची गरज इथेच जास्त आहे. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे मधल्या महिन्यांत हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमने आपोआप उतरतं. निरोगी बाईचंही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये म्हणूनच मधल्या तिमाहीसाठी ११ ऐवजी १०.५ ही मर्यादा केली. हे ठाऊक नसलं की चौकोनात गेल्या वेळी ११ आणि या वेळी १०.४ बघून बाईला बोल लावला जातो. "गोळ्या फेकल्यास ना?" तिने त्या खाल्लेल्या असतात. दुसरीकडे रक्तक्षयाच्या बाईला गोळ्या सुरू केल्या की महिनाभरात किमान १ ग्रॅम वाढ व्हायला हवी, नाही झाली तर पुढे पाठवा, असा सरकारी नियम आहे. हा नियम आकड्याचा नाही, दोन आकड्यांमधल्या फरकाचा आहे. म्हणजे नियम रेषेचा आणि कार्ड चौकोनाचं. त्यात यंत्र बदललं, बोट जोरात पिळलं, पहिला थेंब पुसला नाही की अर्धा ग्रॅम इकडे तिकडे. नऊचे साडेआठ झाले, की बाई खालावली की थेंब पातळ झाला?

थेंबाचा हा प्रश्न दिल्लीलाही पडला. कुटुंब आरोग्य पाहणी १९९८-९९ पासून २०१९-२१ पर्यंत बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजत होती. २०१५-१६ च्या पाहणीत पाच वर्षांखालची ५८ टक्क्यांहून अधिक मुलं रक्तक्षयाची निघाली. २०१६-१८ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीने शिरेतून रक्त घेतलं तर ४१ टक्के. मुलं त्याच देशातली, काळ जवळपास तोच. महाराष्ट्राच्या बायकांचा २०१९-२१ चा आकडा ५४ टक्के आहे. म्हणजे चोपन्न टक्के बायकांचं रक्त बारा टक्क्यांच्या खाली. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. दोन टक्के, दोन अर्थ, आणि प्रशिक्षणात हे असंच बोललं जातं.

आता सिकलसेलचा कागदही येऊ लागलाय. आपल्याकडे या आजाराची नोंद १९५२ मध्ये नीलगिरीतल्या आदिवासींत झाली, राष्ट्रीय मोहीम मात्र १ जुलै २०२३ ला. पाड्यावरच्या साध्या चाचणीत वाहक आणि रुग्ण दोघेही 'पॉझिटिव्ह' येतात. वेगळं कळतं ते मोठ्या यंत्राच्या आलेखावरून, त्यातल्या उंचवट्यांवरून. तो आलेख छापून पाड्यावर आला आणि 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द वाचला गेला, तर ज्या मुलीला काही झालेलं नाही तिचं लग्न मोडतं. सिस्टर म्हणाल्या, त्यांनी आपल्यापुरती वाक्यं ठरवली आहेत. "तुझ्याकडे एक दाणा आहे, दोन नाहीत. एकाने आजार होत नाही." शब्द त्यांचेच.

गाडी यायला वेळ होता. सिस्टरांनी रजिस्टर मिटताना मागचं कोरं पान उघडलं गेलं आणि मी पाहिलं. पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या होत्या. सात, आठ, नऊ, दहा, अकरा उभे, महिने आडवे. सहा-सात बायका, प्रत्येकीची वेगळी रेष, टोकाला नावाचं पहिलं अक्षर. कोणी सांगितलं होतं का, मी विचारलं.

"नाही सर. अंगणवाडीच्या तक्त्यावरून केलं. आकडा सांगितला की बाया घाबरतात नाहीतर विसरतात. रेष दाखवली की भांडतात. म्हणतात, माझी अजून वर का नाही."

एक रेष अर्ध्यावर तुटलेली होती. ७.८, ८.१, मग काही नाही.

"ती भट्टीवर गेली. दिवाळी झाली की निम्मा पाडा जातो, पावसाच्या तोंडावर येतो. भिवंडीकडे आहे म्हणतात. सातवा महिना असेल आता."

मुरबाड-शहापूरच्या कातकऱ्यांचं हे दरवर्षीचं आहे आणि वीटभट्ट्या आमच्या बाजूला आहेत. कल्याण-भिवंडीच्या रस्त्यावर त्यांचा धूर मी रोज बघतो. सिस्टरांना भट्टीवाल्याचं आडनाव आणि एका पुलाची खूण एवढंच ठाऊक होतं. ते मी डायरीत लिहून घेतलं. घरी आल्यावर बहिणीला सांगितलं. ती त्याच भागातल्या शाळेत शिकवते आणि तिथल्या आशाताई तिच्या ओळखीच्या. भट्टी सापडायला चार दिवस लागले. बाईने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून झोपडीच्या कुडात खोचून ठेवलं होतं, पण गोळ्या महिन्यापूर्वीच संपल्या होत्या.

बहिणीने कार्डाचा फोटो मला पाठवला, मी तो वैशाखऱ्याला. नव्या चौकोनात वेगळ्या हस्ताक्षरात ७.२ लिहिलं होतं, पुढे ग्रॅम, आणि टक्क्याची खूण नव्हती. संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला. "सर, यंत्र कुठलं होतं ते विचारा ना. आमचंच असेल तर ही रेष खाली गेली, मग तिला आजच मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगा. दुसरं असेल तरी न्यायलाच सांगा."